बोंडला आणि आपले दोन तालुके

पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन्ही तालुक्यांत एकही अभयारण्य नाही. रानटी जनावरे मात्र आहेत. रानडुकरासाठी लावलेल्या फासात बिबटा अडकतो, कठडा नसलेल्या विहिरीत गवा पडतो. उपचारानंतर सोडण्याजोगे असेल ते जनावर रानातच सोडायचे, हा नियम. जे स्वतःचे पोट भरू शकणार नाही, त्याला बोंडल्यासारख्या प्राणिसंग्रहालयाचाच आधार.

बोंडला अभयारण्य 1969 सालचे, अवघे 8 चौरस किलोमीटरचे; म्हादईचे 208 आहे. आम्ही मुलांना घेऊन तिथे जातो ते वाघ-बिबटे बघायला. पण 1992 साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले आणि करमणुकीपेक्षा संवर्धनाला महत्त्व मिळाले. मान्यतेसाठी ऐसपैस जागा, आहार आणि पशुवैद्यक पाहिले जाऊ लागले.

याच प्राधिकरणाने 2009 मध्ये संग्रहालयांतील हत्ती हलवायला सांगितले. म्हणून 2025 मध्ये तिळारीकडचा हत्ती पेडण्यात उतरला तेव्हा ‘न्या त्याला बोंडल्याला’ हा सोपा उपाय उरला नव्हता. पीक गेलेल्या शेतकऱ्याचा राग आम्हाला समजतो. त्याला वेळेवर भरपाई हवी. फटाके लावून हत्ती फक्त शेजारच्या वाड्यावर जातो.