दवाखान्यातून सुट्टी झाली, पण बरं व्हायचं बाकी आहे



आपल्या एका गटातली ताई चुलीच्या भडक्यात भाजली. मान आणि छाती. सुट्टी मिळून घरी आली तेव्हा मी भेटायला गेले. "मान ताणली की दुखतंय गं," म्हणाली, म्हणून मीच तिच्या डोक्याखाली जाड उशी सरकवली. घरच्यांनीही तेच चालू ठेवलं. काही महिन्यांत हनुवटी छातीकडे ओढली गेली आणि ती सोडवायला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं.

भाजलेली जखम वरून भरली, तरी व्रण पुढे कितीतरी महिने आखडत राहतो. ज्या स्थितीत आराम वाटतो, त्याच स्थितीत अंग आखडतं. म्हणून मान पुढून भाजली असेल तर उशी नको. उलट खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी. काख भाजली असेल तर हात अंगापासून लांब. फिजिओथेरपीचा व्यायाम रोज, दुखलं तरी. डॉक्टरांनी घट्ट प्रेशर गारमेंट दिले असतील तर ते दिवसाचे जवळजवळ 23 तास, बहुतेकदा वर्षभर तरी वापरायचे. उन्हाळ्यात खाज सुटते आणि तिथेच बाया ते सोडून देतात. पूर्ण भरलेल्या कातडीला तेल चोळा, नखं लावू नका. आणि 'जखमेला चालत नाही' म्हणून डाळ, अंडी बंद करू नका. जखम भरायला तेच लागतं!

तपासणीला जायला भाडं नाही म्हणून खेप चुकते. अशा वेळी ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या, मदतीचा ठराव करा.

मनाचं मात्र कोणी विचारत नाही. त्या ताईला गॅस पेटल्याचा आवाज आला तरी धडकी भरायची, रात्र रात्र झोप नाही. हे वेड नव्हे. टेली मानसचा 14416 नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. "कसं झालं?" हे दहा जणींनी दहा वेळा विचारू नका. कोणी जाळल्याचा संशय असेल तर सासरच्यांसमोर तर मुळीच नको. तिला एकटीला गाठा. 181 वर फोन करता येतो, जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पोलीस, वकील, समुपदेशन यांची मदत मिळते.

तिचा हप्ता आपण थांबवला, पण तिला ते नको होतं. "मला बैठकीला बोलवत का नाही?" असं तिनं विचारलं. मग दोन बैठका तिच्या ओट्यावर घेतल्या. आता ती स्वतः येते. पदर अजून मानेवर घट्ट ओढून बसते, त्यावर कोणी बोलत नाही. हजेरी तीच लिहिते.