लग्न एका दिवसाचे, हप्ते किती वर्षांचे?

लग्नसराई आली की आमच्या टेबलावर पत्रिकांचा ढीग पडतो. वर तथागत आणि बाबासाहेबांचे छायाचित्र, खाली 'मंगल परिणय', त्याखाली वधू-वरांची नावे आणि नावांपुढे त्यांचे शिक्षण. कोणी बी.ए., कोणी आय.टी.आय., कोणी नर्सिंग झालेली. पत्रिका वाचताना समाधान वाटते. ज्यांच्या आजोबांना अक्षर ठाऊक नव्हते, त्यांची ही नातवंडे!

पण गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले ते पत्रिका घेऊन नव्हे, तर एक वही घेऊन. कारखान्यात कायम कामगार, आमचे जुने वाचक. जयभीम झाला, पाणी झाले, आणि त्यांनी वही आमच्यापुढे सरकवली. दोन वर्षांपूर्वी झालेल्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा तो हिशेब होता. हॉल आणि सजावट ७० हजार. जेवण १ लाख १२ हजार. डी.जे. आणि वरात ३८ हजार. फोटो-व्हिडिओ ४५ हजार. कपडे, दागिना, गाड्या वेगळ्याच. सर्वांत शेवटी एक ओळ होती. मेणबत्ती, अगरबत्ती, फुले, सूत, मडके आणि बौद्धाचार्यांचे धम्मदान मिळून १ हजार ८००.

"साहेब, लग्न लागले ते या शेवटच्या ओळीत. बाकीचे सगळे लोकांसाठी केले," ते म्हणाले. बाकीच्यापैकी दीड लाख रुपये त्यांनी तीन रुपये शेकड्याने उचलले होते. म्हणजे महिन्याला साडेचार हजार रुपये नुसते व्याज. दोन वर्षांत १ लाख ८ हजार गेले आणि मुद्दल जागच्या जागी. "मुलगी सुखात आहे. पण तिच्या लग्नाचे जेवण आम्ही अजून फेडतोय. आता धाकटीचे बघायचे आहे."

हा हिशेब एका घरचा नाही. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत अशा किती वह्या असतील, ते आपणच मोजा. म्हणून या वेळी आम्ही लग्न ठरल्यापासून मंडप उतरेपर्यंतच्या व्यवहाराविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

साधेपणा ही आपली उणीव नव्हे

१९५६ साली धम्मदीक्षेबरोबरच बाबासाहेबांनी आपल्या विवाहविधीचाही विचार केला होता. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांची पांढरी वस्त्रे, दोघांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मडके, त्यातून घेतलेले सूत दोघांच्या हाती, आणि मंगलसुत्ताचे पठण. इतका साधा तो विधी. त्याही आधी, १८७३ साली, महात्मा फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीने भटजीशिवाय लग्ने लावली, तीही कमी खर्चात. लग्नापायी सावकाराच्या दारात जाणारा शेतकरी त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

आपल्यापैकी काहींना छोट्या जागेत लग्न करण्याची लाज वाटते. त्यांनी आठवावे की बाबासाहेब आणि माता रमाई यांचे लग्न मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री लागले. बाजारातले दगडी ओटे हीच वऱ्हाडाची आसने होती. त्या लग्नाला कोणी लहान म्हणेल काय?

बैठकीतच बोला

खर्चाचा पहिला खिळा पसंतीनंतरच्या बैठकीत ठोकला जातो. "आम्हाला हुंडा नको, फक्त लग्न थाटात करून द्या," असे वरपक्षाने म्हटले की सगळे माना डोलावतात. आम्ही विचारतो, हा थाट म्हणजे दुसऱ्या नावाचा हुंडाच नव्हे काय? १९६१ च्या कायद्याने हुंडा घेणे आणि देणे, दोन्ही गुन्हा आहे. हॉलचे पैसे कोण देणार, जेवण कोणाकडे, वऱ्हाडी किती, हे बैठकीतच ठरवावे आणि खर्च दोन्ही घरांनी अर्धा अर्धा उचलावा. मुलीच्या बापाने गप्प बसू नये. आईने तर मुळीच बसू नये, कारण घर चालवून हप्ते तिलाच भरायचे असतात.

त्यानंतर दोन आकडे वहीत लिहा : हातात असलेले पैसे आणि येणारी माणसे. हे दोन आकडे लिहिल्याशिवाय कोणालाही बयाणा देऊ नका.

मुहूर्त नाही, हीच बचत

आपण मुहूर्त मानत नाही. मग कॅलेंडरात लग्नतिथी छापलेल्या दिवशीच हॉलसाठी रांग का लावतो? त्या दिवशी हॉलवाला, मंडपवाला, आचारी, फोटोग्राफर सगळ्यांना मागणी असते आणि दर चढलेले असतात. तिथी नसलेल्या दिवशी तीच माणसे मोकळी असतात. पावसाळ्यात तर कित्येक हॉल रिकामे पडतात. वर्षावास हा भिक्खूंचा नियम आहे, उपासकांच्या लग्नाला त्याने आडकाठी येत नाही. तारीख मोकळी ठेवून दर विचारावा. "कोणत्या दिवशी स्वस्त पडेल?" असे विचारण्याचे स्वातंत्र्य आपल्याला धम्माने दिले आहे, ते वापरा.

हॉल की विहार?

पहिली चौकशी आपल्या बुद्धविहाराची आणि समाजमंदिराची करावी. भाडे थोडे असते आणि माणसे आपली असतात. कित्येक वस्त्यांत मंडळाची भांडी, सतरंज्या, खुर्च्या असतात, त्यामुळे मंडपवाल्याचे निम्मे बिल वाचते. घेतलेली भांडी घासून, मोजून परत करावीत, म्हणजे पुढच्या घरालाही उपयोगी पडतात.

हॉलच घ्यायचा असेल तर स्वतः जाऊन पाहा, आणि दुपारी बारा वाजता पाहा. पंखे किती, पाणी किती, संडास कसे, म्हाताऱ्या माणसांना जिना किती चढावा लागतो, हे तेव्हाच कळते. भाड्यात काय आहे आणि काय नाही, ते विचारा. वीज वेगळी? जनरेटर वेगळा? सफाईचे पैसे? आपला आचारी चालेल, की त्यांचाच केटरर घ्यावा लागेल? ताबा किती वाजता मिळणार आणि कधी सोडायचा? अनामत रक्कम केव्हा परत मिळणार? तारीख रद्द झाली तर बयाण्याचे काय?

एक कटू अनुभवही सांगायला हवा. फोनवर तारीख रिकामी असते आणि आडनाव सांगितले की 'बुक' होते, असे वाचक आम्हांस आजही सांगतात. जात पाहून सेवा नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वरात अडविणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. असे घडले तर साक्षीदार घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करावी. मुकाट्याने दुसरा हॉल शोधू नये.

ताटे कोणी मोजली?

सर्वांत जास्त पैसा जेवणावर जातो आणि सर्वांत जास्त भांडणेही तिथेच होतात. वर सांगितलेल्या गृहस्थांनी २०० रुपये दराने ४०० ताटे सांगितली होती, म्हणजे ८० हजार रुपये. जेवणे उरकल्यावर केटररने ५६० ताटांचे बिल लावले. मोजणारी माणसे केटररचीच. ३२ हजार रुपये वाढले, आणि वऱ्हाड निघायच्या वेळी भांडण नको म्हणून यांनी ते दिले.

म्हणून ताटाच्या दराने जेवण देताना तीन गोष्टी कागदावर घ्या. किती ताटांचे पैसे नक्की द्यायचे, जास्त लागली तर दर काय, आणि मोजणी कोण करणार. सुरुवातीला ताटांच्या थप्प्या मोजाव्यात, शेवटी उरलेल्या मोजाव्यात, आणि तिथे आपला एक जबाबदार माणूस बसवावा. नाचणारा पुतण्या नव्हे, तर हिशेबी मामा! पदार्थांची नावेही लिहून घ्यावीत. 'एक गोड' असे लिहिले तर बुंदीही गोड आणि जिलेबीही गोड.

शंभर-दोनशे माणसांचे लग्न असेल तर आचारी लावून किराणा आपण भरणे अनेकदा स्वस्त पडते. आचाऱ्याकडून यादी घ्यावी आणि ती घरातल्या जाणत्या बाईला दाखवावी. तेल-साखर जास्त लिहिली असेल तर तिला लगेच कळते. वाढपी कोणाचे, गॅस कोणाचा, भांडी कोण घासणार, तेही तेव्हाच ठरवावे. जेवण साधे असावे, पण पोटभर असावे. पुरी, भाजी, वरण-भात, एक गोड आणि मठ्ठा. यात कोणता पाहुणा उपाशी जातो?

वाजंत्री आणि वेळ

पत्रिकेत वेळ साडेअकराची आणि लग्न लागते दोन वाजता. बौद्धाचार्य ताटकळतात, लहान मुले भुकेने रडतात, जेवण गार होते. का, तर वरात अजून कोपऱ्यावर नाचते आहे. डी.जे. तासावर ठरवला असेल तर प्रत्येक गाण्याचे पैसे आपणच भरतो. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक कायद्याने बंद करावा लागतो. वाजंत्री हवीच असेल तर वेळ ठरवून, अर्ध्या तासाची सांगा. त्यात आपल्या शाहिरी परंपरेतील भीमगीते वाजली तर लोक ऐकतीलही.

वऱ्हाड गावाहून आणायचे असेल तर खासगी गाडीबरोबर एस.टी.च्या प्रासंगिक कराराचाही दर आगारात विचारावा. गाडी भरत असेल तर दोन्ही दर माणशी काढून पाहावेत.

फोटो, पत्रिका आणि बौद्धाचार्य

फोटोग्राफरशी अल्बमची पाने किती, फोटो किती, व्हिडिओ किती तासांचा आणि सगळे मूळ फोटो पेनड्राइव्हवर मिळणार का, हे ठरवा. निदान तिसरा हिस्सा रक्कम अल्बम हाती आल्यावरच द्या. पूर्ण पैसे दिल्यानंतर अल्बमसाठी वर्षभर खेटे घालणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. लग्नाआधीच्या शूटिंगला बागेत आणि किल्ल्यावर जाण्याची हौस तरुणांना आहे. हौसेला ना नाही, पण ती त्यांनी आपल्या पगारातून करावी, आईच्या बचतगटाच्या पैशातून नव्हे.

पत्रिकेचा कच्चा नमुना दोन माणसांनी वाचावा. पाली शब्द आणि नावे चुकली की पुन्हा छपाईचा भुर्दंड पडतो. लांबच्यांना मोबाईलवर पत्रिका पाठवली तरी चालते, मात्र वडीलधाऱ्यांना हातात द्यावी.

बौद्धाचार्यांना पत्रिका छापण्यापूर्वीच भेटा. त्यांच्याकडून साहित्याची यादी घ्या आणि दोघांचे वयाचे दाखले त्यांना दाखवा. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण झालीच पाहिजेत. संस्थेचे विवाह प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम संपले, असे समजू नका. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची सरकारी नोंदणी करावी लागते. खेड्यात ग्रामपंचायतीत आणि शहरात पालिकेच्या कार्यालयात ती होते. साक्षीदार आणि कागदपत्रे तयार ठेवून ९० दिवसांच्या आत नोंद करा. पुढे पासपोर्टला, पेन्शनला, आणि दुर्दैवाने वाद झालाच तर न्यायालयात, हा कागद मुलीच्या कामी येतो.

शब्द नको, कागद हवा

हे सगळे सांगण्याचे सार एवढेच की तोंडी बोलू नका. प्रत्येकाकडून साध्या कागदावर दर, वेळ, वस्तू आणि बयाणा लिहून सही घ्या. पैसे देताना पावती घ्या किंवा मोबाईलवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते. किमान तिघांचे दर विचारा, आणि ज्याच्या घरी अलीकडे लग्न झाले त्याला जाऊन विचारा की मंडप वेळेवर आला होता का, जेवण पुरले का. ठरल्याप्रमाणे काम केले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तिथे फी लागत नाही. १९१५ या क्रमांकावर ग्राहकांना मार्गदर्शनही मिळते. मात्र हे सारे कागद असेल तरच. बाबासाहेबांच्या लेकरांना कागदाची किंमत आणखी कोणी सांगावी?

ते गृहस्थ निघताना आम्ही विचारले, "धाकटीचे कसे करणार?" ते म्हणाले, "पोरीनेच सांगून टाकले आहे. विहारात करायचे, दीडशे माणसांत. तिच्या नावावर चाळीस हजार साठले आहेत, ते नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला भरायचे. मुलाकडचेही तयार आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "भावकी नावे ठेवील."

ठेवू द्या! भावकी जेवून उठते, हप्ता भरायला येत नाही. प्रत्येक विहारात एक वही ठेवावी, असे आम्हांस वाटते. वस्तीतल्या प्रत्येक लग्नाचे दर, चांगल्या मंडपवाल्याचे आणि आचाऱ्याचे नाव, कोणी फसवले आणि कोणी सांभाळून घेतले, हे सारे तिच्यात लिहावे. महिला मंडळांनी हे काम हाती घेतले तर पुढच्या लग्नसराईपर्यंत कितीतरी घरे कर्जातून वाचतील. ज्यांनी कमी खर्चात नेटके लग्न केले असेल, त्यांनी आपला हिशेब आमच्याकडे पाठवावा. नाव न छापता आम्ही तो आनंदाने छापू. जयभीम!