एक यंत्र, दोन कामे

भोपाळच्या चौक बाजारातील पेढ्यांवर दिवाळीस आता चोपड्यांच्या शेजारी संगणकही पुजला जातो. दिवसा त्यावर हिशेब, रात्री चिरंजीवांचे खेळ. साहजिकच, नवा संगणक घेताना त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, कोणता असावा यावरून पितापुत्रांत वाद होतो.

आमच्या मते दोघांचेही समाधान मध्यम श्रेणीत आहे. इंटेलचा कोअर आय५-१२४०० व एएमडीचा रायझन ५ ५६००, दोन्ही २०२२ सालचे, प्रत्येकी ६ कोअरचे. हिशेबास एवढे बळ पुरून उरते. खेळांची गती मुख्यत्वे ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असते. तेव्हा प्रोसेसरवर वाचलेली रक्कम कार्डाकडे वळवावी.

मात्र एक अक्षर नीट पाहावे. १२४०० पुढे ‘एफ’ असल्यास त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. ५६०० मध्येही ते नाही. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेस भरावयाचे आणि १९ तारखेस कार्ड बिघडले, तर पडदा काळा आणि विलंबशुल्क पदरी! ‘एफ’विरहित १२४०० असल्यास कार्ड काढूनही काम चालते.

खेळ एक दिवस थांबला तरी चालेल. पेढी थांबता कामा नये. व्यापारी बंधूंनी बिल फाडण्यापूर्वी ते अक्षर अवश्य वाचावे.