नजर गेली, तरी दिसलं नाही

पांढरे शर्ट घातलेल्या खेळाडूंनी एकमेकांकडे चेंडू किती वेळा टाकला, एवढंच मोजायचं. काळ्या शर्टवाले मध्ये लुडबुडतात, त्यांच्याकडे काणाडोळा करायचा. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा हा हार्वर्डमधला प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओत गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती खेळाडूंच्या मधून सरळ चालत जाते. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही. गंमत म्हणजे, काळ्या संघाचे पास मोजणाऱ्यांना काळा गोरिला जास्त वेळा दिसला!

याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. 2013 मध्ये 24 रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला बसवलं. एकेक काप पुढेमागे सरकवत, जवळजवळ चित्रफीत बघावी तसे ते स्कॅन बघत होते. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठा गोरिला डकवला होता. 20 जणांना तो दिसला नाही. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्याच्या जागेवर जाऊन आली होती.

डोळ्यांनी काम चोख केलं, मग अडलं कुठे? मेंदूत लक्षाची दोन जाळी मानली जातात. वरच्या भागातलं जाळं काय शोधायचं ते धरून ठेवतं. दुसरं मुख्यतः उजव्या बाजूला, कानाच्या वर-मागे असतं. अनपेक्षित काही घडलं की ते पहिल्याला टोकतं. पण शोध रंगात आला की या टोकणाऱ्याचाच आवाज दबतो. जे शोधतोय त्याच्याशी साम्य असलेली गोष्ट मात्र त्याला सहज जागं करते. काळ्या शर्टांचं कोडं इथे बरंचसं सुटतं.

बर्कलीतल्या जॅक गॅलंट यांच्या प्रयोगशाळेनं 2013 मध्ये याहून नवल दाखवलं. एमआरआय यंत्रात पडल्यापडल्या लोक चित्रफिती बघत होते. कधी माणसं शोधायची, कधी वाहनं. माणसं शोधताना मेंदूच्या मोठ्या भागाचा कल माणसांकडे झुकला, त्यांच्या जवळच्या म्हणून प्राण्यांकडेही. बाकीच्या वस्तूंच्या वाट्याला कमी मेंदू उरला. दृश्यात एकही माणूस नसला, तरी झुकाव होताच.

चौकात वळणारा कारचालक बहुधा मोटारीच शोधत असतो. तेव्हा दुचाकीस्वारांनो, त्यानं आपल्याकडे बघितलं म्हणजे आपण त्याला दिसलो, असं धरून गाडी पुढे घालू नका.