पोलाद ऐकणारा कान



लग्नाच्या वरातीतला बेंजो तुम्ही ऐकला असेलच. टाइपरायटरसारखी बटणे असलेले हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. जपानमध्ये नागोया येथे १९१२ साली जन्मलेल्या ‘ताइशोगोतो’चा भारतीय अवतार. त्याच्या लाकडी पेटीचा आवाज बेताचाच. शेजारी इलेक्ट्रिक गिटार वाजू लागली, की तो पार बुडून जातो. मग गिटारला असतो तसा ‘पिकअप’ आपणच त्याला बसवला तर?

एका लोखंडी बोल्टवर पुठ्ठ्याच्या दोन चकत्या सुमारे १२ मिलिमीटर अंतरावर घट्ट बसवा. मधल्या भागावर आधी कागद गुंडाळा. त्यावर एनॅमल लावलेल्या ०.१ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे सुमारे ३,००० वेढे द्या. यासाठी शंभरएक मीटर तार लागेल. घाई केलीत तर ती तुटेल! दोन्ही टोके खरवडून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या अँप्लिफायरला जोडा. बोल्टच्या डोक्याला चुंबक चिकटवा. आता लाकडी पट्टीच्या आधाराने बोल्टचे दुसरे टोक बेंजोच्या पोलादी तारांवर २-३ मिलिमीटर उंच टांगा. आणखी जवळ नको. चुंबक तारा ओढतो आणि सूर बिघडतो.

तार छेडा. स्पीकर बोलू लागेल!

आता वेटोळ्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने गा. स्पीकर जवळजवळ गप्पच! पोलादी तारेऐवजी पितळी तार ताणून छेडा. तरीही तेच. असे का? हा कान हवेतला आवाज ऐकतच नाही. चुंबकामुळे पोलादी तारही किंचित चुंबक बनते. ती थरथरली, की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि त्यात वीज निर्माण होते. हाच फॅरडेने १८३१ साली लावलेला शोध!

एक ताकीद. आमच्या त्र्यंबकेश्वरात पावसाळाभर फरशीला ओल असते. अशा ठिकाणी घरच्या विजेवरील उपकरण उघडणे जिवावर बेतू शकते. म्हणून आपला प्रयोग फक्त बॅटरीवर.

जवळ विजेचा पंखा वा ट्रान्सफॉर्मर असेल, तर ५० हर्ट्झची घरघर ऐकू येईल. तिच्यावर १९५५ साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी तोड काढली: दोन वेटोळी, एकाचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. घरघर नाहीशी होते, सूर मात्र टिकतो. वेढे उलटे का, हे सहज कळेल. पण चुंबक का उलटा करायचा? दुसरे वेटोळे गुंडाळता गुंडाळता विचार करा!