लाल, पिवळे आणि एक काळा

ब्रिटनमधल्या एखाद्या जुन्या पबात किंवा विद्यापीठाच्या स्टुडंट्स युनियनमध्ये गेलात, की बहुधा एका कोपऱ्यात ते टेबल दिसतं. बाजूला नाणं टाकायची खाच, वर सात लाल बॉल, सात पिवळे आणि एक काळा. आपल्याकडून शिकायला गेलेली मुलं या टेबलापाशी जरा थबकतात. पुण्या-मुंबईच्या पार्लरमध्ये त्यांनी पाहिलेला पूल बहुतेक वेळा अमेरिकन असतो: नऊ फुटी टेबल, सव्वादोन इंची बॉल, त्यांवर आकडे आणि पट्टे. पबातलं टेबल जेमतेम सहा-सात फुटांचं आणि बॉल दोन इंची. हा पोरखेळ आहे, असं वाटायला वेळ लागत नाही. माझं मत नेमकं उलटं आहे. क्यू हातात धरणाऱ्याला हे छोटं टेबल जे शिकवतं, ते दुसरं कुठलंच टेबल इतक्या लवकर शिकवत नाही.

पण आधी थोडं घराण्याविषयी. स्नूकर राजेशाही आणि पूल त्याचा गरीब भाऊ, असा समज ब्रिटनमध्येही आहे. इतिहास वेगळं सांगतो. 1875 मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्याने स्नूकर जुळवलं, तेव्हा त्याच्यासमोर पिरॅमिड्स, लाइफ पूल आणि ब्लॅक पूल हे तीन खेळ होते. पंधरा लाल बॉल पिरॅमिड्समधून आले, काळा ब्लॅक पूलमधून, आणि बाकीचे रंग त्यात पुढे मिसळले. 1882 मध्ये उटीच्या क्लबात नियम लिहून टांगले गेले. म्हणजे पूल हा स्नूकरच्या पूर्वजांपैकी एक आहे.

त्या लाइफ पूलमध्ये प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा रंगीत बॉल असे आणि तीन जीव असत. आपला बॉल दुसऱ्याने पॉकेटमध्ये घातला की एक जीव गेला. आज ब्रिटिश पबात ‘किलर’ खेळतात, त्यातही प्रत्येकाला तीन जीव असतात. नावं पाटीवर खडूने लिहायची, आपल्या पाळीला एकच फटका मारायचा, आणि कुठलाही बॉल गेला नाही तर एक जीव पुसायचा. शेवटी उरेल तो जिंकला. सात-आठ जणांची टोळी असेल तर यासारखा खेळ नाही. नवख्याने सुरुवातही इथूनच करावी, कारण किलर एकच गोष्ट शिकवतो आणि ती पक्की शिकवतो: सगळे बघत असताना एक बॉल सरळ घालणं. पुढचा-मागचा विचार नाही, आधीच्याने क्यूने मारायचा पांढरा बॉल जिथे सोडला तिथून मारायचं. हात थरथरतो, आणि थरथरत असतानाच स्थिर व्हायला शिकतो.

आता मुख्य खेळ, लाल-पिवळ्यांचा आठ-बॉल. आपल्या रंगाचे सात घालायचे आणि मग काळा. ऐकायला सोपं. टेबल लहान, बॉल पंधरा, त्यामुळे गर्दी फार. शिवाय पॉकेटांची तोंडं स्नूकरसारखी गोलाकार असतात. अमेरिकन टेबलावर जो बॉल कडेला घासून आत पडला असता, तो इथे जबड्यात हेलकावे खाऊन बाहेर थांबतो. पबातला पांढरा बॉलही बाकीच्यांपेक्षा थोडा लहान असतो, पावणेदोन इंचांहून किंचित मोठा. तो चुकून पॉकेटमध्ये गेला, तर टेबलाच्या पोटातल्या यंत्रणेला आकारावरून तो वेगळा काढून परत द्यावा लागतो, म्हणून ही सोय. पण त्यामुळे तो वजनाने जवळजवळ अठरा टक्के हलका भरतो, आणि खेळ बदलतो. हलका पांढरा मागे सहज येतो, पण समोरच्या जड बॉलला ढकलून त्याच्यामागे पुढे जायला कुरकुरतो. स्नूकरवरून आलेल्या भल्याभल्यांचा पहिल्या दिवशी इथेच अंदाज चुकतो.

खरी शिकवण मात्र त्याच्याही पलीकडे आहे. समजा, तुमचे पिवळे. सहा मोकळे आहेत, सातवा डाव्या लांब कुशनला चिकटलाय आणि एक लाल त्याला टेकून बसलाय. नवशिका सहा पिवळे धडाधड घालतो, टाळ्या मिळवतो आणि सातव्यापाशी अडकतो. आता टेबलावर समोरच्याचे सात लाल, वाटेत अडथळा एकच, आणि पाळी त्याची. कॅरमवर आपल्या सोंगट्या घाईने घेतल्या, की समोरच्याचा बोर्ड आपणच मोकळा करून देतो, तसंच हे. जाणता खेळाडू दोन-तीन पिवळे घालून थांबतो. एखादा पिवळा मुद्दाम पॉकेटच्या तोंडाशी सोडतो, म्हणजे ते पॉकेट लाल बॉलना बंद. चिकटलेली जोडी कुठल्या फटक्याने फोडायची, ते पहिला बॉल मारण्याआधी ठरवतो, कारण तेव्हा फसलं तर सावरायला आपलेच पिवळे आजूबाजूला असतात. बॉल घालता येत असताना न घालणं, हे शिकायला स्नूकरमध्ये वर्षं जातात. इथे एका संध्याकाळी चार फ्रेम हरलात, की डोक्यात शिरतं.

नाइन-बॉलची तऱ्हा वेगळी. एक ते नऊ आकडे, टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याला पांढरा आधी लागला पाहिजे, आणि नऊ पडला की फ्रेम संपली. कुठला बॉल घ्यायचा, हा प्रश्नच नाही. पांढरा कुठे थांबवायचा, एवढाच प्रश्न. फाउल केलात तर समोरचा पांढरा उचलून हवा तिथे ठेवतो. पांढऱ्यावर ताबा मिळवायचा असेल तर याला पर्याय नाही. 1994 मध्ये लंडनमधल्या रॉमफर्डमध्ये युरोप विरुद्ध अमेरिका असा मॉस्कोनी कप सुरू झाला आणि हा खेळ ब्रिटिश टीव्हीवर रुजला. यॉर्कशरचा डॅरेन अ‍ॅपलटन लाल-पिवळ्यांवर घडला आणि पुढे 2012 मध्ये नाइन-बॉलचा विश्वविजेता झाला. छोट्या टेबलाला हसणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावं.

ज्यांच्या नावाने तो कप आहे, त्या विली मॉस्कोनी यांचा लौकिक मात्र स्ट्रेट पूलचा. कुठलाही बॉल, पण कुठल्या पॉकेटमध्ये ते आधी सांगून. चौदा संपले की ते पुन्हा रचायचे आणि उरलेला पंधरावा घालता घालता पांढऱ्याने नवी रचना फोडायची. 1954 मध्ये त्यांनी सलग 526 घातले. 2022 मध्ये स्कॉटलंडच्या जेसन शॉने 714 केले. हा एकट्याने सरावायचा, धीराचा खेळ आहे.

आणि बिलियर्ड्स? तीनच बॉल, पांढऱ्याने दोघांना स्पर्श केला तर दोन गुण, लालवरून पांढरा पॉकेटमध्ये गेला तर तीन. कोन आणि वेग यांचं असं शिक्षण दुसरीकडे मिळत नाही, आणि इथे आपली मान ताठ आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईचे मायकेल फरेरा तीनदा जिंकले. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने 2009 मध्ये लीड्सला जाऊन माइक रसेलला हरवलं आणि व्यावसायिक विश्वविजेतेपद आणलं. आज ब्रिटनमध्ये बिलियर्ड्स खेळणारे मोजके उरलेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरी एकच खेळ निवडायचा, तर मी लाल-पिवळे निवडेन. नाइन-बॉल हात घडवतो, बिलियर्ड्स डोळा घडवतो. समोरच्याच्या जागी उभं राहून टेबल बघायला मात्र हाच लावतो.

ब्रिटनला जाणार असाल, तर दोन गोष्टी सांगतो. खेळायचं असेल तर बऱ्याच पबांत टेबलाच्या कडेवर नाणं ठेवून किंवा पाटीवर नाव लिहून पाळी धरतात. जिंकलेला टेबलावर राहतो आणि पुढचा त्याला आव्हान देतो. आणि ब्रेक करण्याआधी नियम विचारून घ्या. कुठे फाउलनंतर दोन फटके असतात, कुठे एक मोफत फटका आणि मग नेहमीची पाळी. काळ्यावर दोन फटके चालतात की नाही, यावर तर पबागणिक वाद आहेत. विचारलेलं कुणालाही आवडतं, आणि बोलणं तिथूनच सुरू होतं.