दीड, अडीच, चार

मुंबईच्या लोहार चाळीत वायरचं 90 मीटरचं बंडल मागितलं की पहिला प्रश्न येतो, "दीड की अडीच?" बोलताना सगळे 'अडीच एमएम' म्हणत असले तरी तो आकडा जाडीचा नसतो, तांब्याच्या छेदाचं ते क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. दिवे-पंख्यांना दीड, पॉवर प्लगला अडीच, एसी-गीझरला चार, हा वायरमन लोकांचा सर्वसाधारण हिशेब. जुने जाणते अजून 'तीन-बावीस' म्हणतात, म्हणजे 22 गेजच्या तीन तारा.

या हिशेबामागे आहे ती उष्णता. दोन किलोवॉटचा गीझर 230 व्होल्टवर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. तेवढ्याच करंटला निम्म्या छेदाची वायर दुप्पट तापते. वायर तीच ठेवून करंट दुप्पट केला तर चौपट. साध्या पीव्हीसीची मजल 70 अंश सेल्सिअसपर्यंत. त्यापुढे सतत तापलं की ते कडक होऊन तडकतं. एकाच पाइपात सात-आठ वायरी कोंबल्या तर उष्णतेला बाहेर पडायला वाट उरत नाही. टाइल्सवर हात सैल सोडणारे घरमालक नेमके इथे घासाघीस करतात. भिंतीतलं पाहुण्यांना दिसत नाही ना!

जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली रबरी वायर असायची. ती सोलली की आत लालऐवजी पांढरट तार निघते. रबरातलं गंधक तांब्याला खातं, म्हणून तारेला चक्क कल्हई केलेली असे. पीव्हीसी आलं आणि वायरीची कल्हई गेली.

खांबावरच्या लाइनीला ॲल्युमिनियम चालतं, पोटात पोलादी तार घालून. त्याची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, पण वजन तिसऱ्या हिश्श्याहून कमी. घरात मात्र ते स्क्रूखाली दबत जातं, वर ऑक्साइडचा थर धरतं आणि जोड तापू लागतो.

सैल जोड तांब्याचाही तापतो. त्यात करंट वाढत नसल्याने एमसीबी पडत नाही. म्हणून स्विचची प्लेट कोमट लागली किंवा जळका वास आला, तर मेन बंद करून आधी वायरमनला बोलवावं. बऱ्याचदा काम निघतं ते स्क्रू खोलून, काळवंडलेलं टोक कापून, नव्याने सोलून घट्ट आवळण्याचं.